दस्तऐवज शोधणाऱ्या एआय एजंटासाठी साधनांचे वर्णन कसे लिहावे

शेतीविषयक छापील माहितीचा तुटवडा आता राहिलेला नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. तेव्हापासून पत्रके, पुस्तिका, भित्तिपत्रके, विद्यापीठांच्या शिफारशी आणि शासन निर्णय यांची भर सतत पडत गेली आहे. अडचण आहे ती हवा तो कागद हवा तेव्हा हाती येण्याची. या कामी अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचे, म्हणजेच एआयचे, साहाय्य घेतले जाऊ लागले आहे. शेतकऱ्याने मोबाईलवर साध्या मराठीत प्रश्न विचारावा, यंत्राने संग्रहातील योग्य कागद शोधून काढावा व त्याच्या आधारे उत्तर द्यावे, अशी ही योजना असते. प्रश्न समजून घेऊन कोणत्या संग्रहात शोधावयाचे हे स्वतः ठरविणाऱ्या अशा प्रणालीस 'एजंट' म्हणतात. विमा किंवा बियाणे विकणाऱ्या एजंटाशी त्याचा अर्थातच काही संबंध नाही.

अशा एजंटाचे उत्तर चुकले म्हणजे दोष यंत्रास दिला जातो. काही वेळा तो खराही असतो. परंतु पुष्कळदा असे आढळते की, यंत्रास आपल्या हाती कोणती साधने आहेत हेच कोणी नीट सांगितलेले नसते. हे सांगण्याचे काम संगणकतज्ज्ञाचे आहे असा समज आहे. तो बरोबर नाही. शोधाची यंत्रणा तज्ज्ञाने उभारावी हे खरे. पण कोणत्या कपाटात कोणत्या सालचे कागद आहेत, त्यांतील कोणते आज लागू आहेत व कोणते नाहीत, हे तालुक्यातील विस्तार कार्यकर्त्यास जसे ठाऊक असते तसे शहरात बसलेल्या तज्ज्ञास असणे शक्य नाही. यास्तव साधनांची वर्णने लिहिण्यात ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी भाग घेणे अगत्याचे आहे.

एजंटास काय दिसते व काय दिसत नाही

एजंटाच्या मुळाशी एक भाषा-मॉडेल असते. त्याने पुष्कळ वाचलेले असते. परंतु तालुक्याच्या कार्यालयातील पत्रके त्याने पाहिलेली नसतात. शेतकऱ्याचा प्रश्न त्याच्याकडे जातो तेव्हा त्यासोबत उपलब्ध साधनांची यादीही पाठविली जाते. यादीत प्रत्येक साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि ते वापरताना भरावयाचे रकाने एवढेच असते. मॉडेल ही यादी वाचून एक साधन निवडते व मागणीचिठ्ठी लिहावी तसे त्याचे रकाने भरून देते. प्रत्यक्ष शोध दुसराच संगणक-कार्यक्रम घेतो. सापडलेला मजकूर मॉडेलकडे परत येतो व त्यावरून ते उत्तर तयार करते. ओपनएआय या कंपनीने जून २०२३ मध्ये ही सोय आपल्या मॉडेलांसाठी उपलब्ध केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाचा खुला नमुना प्रसिद्ध केला. साधनाचे नाव, वर्णन व रकाने कोणत्या रीतीने मांडावेत हे त्यात ठरवून दिलेले आहे.

यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, साधन निवडताना मॉडेलला कपाट उघडून पाहता येत नाही. जुन्या दप्तरखान्यात रुमालात बांधलेले बस्ते असत आणि प्रत्येक बस्त्यास एक चिठ्ठी अडकविलेली असे. नवा कारकून त्या चिठ्ठ्या वाचूनच बस्ता उचली. चिठ्ठीवर नुसते 'संकीर्ण' असे लिहिलेले असेल, तर तो कितीही हुशार असला तरी त्याचा इलाज चालत नसे. साधनाचे वर्णन म्हणजे ही चिठ्ठी होय.

अपुऱ्या वर्णनामुळे होणारा घोटाळा

उदाहरणादाखल एका तालुक्याचा संग्रह घेता येईल. त्यात १९५८ ते २००५ या काळातील स्कॅन केलेली पत्रके आहेत, कृषी विद्यापीठांच्या चालू शिफारशी आहेत आणि योजनांचे शासन निर्णय आहेत. या तिन्हींसाठी तीन साधने केली. पण पहिल्या साधनाचे वर्णन 'शेतीविषयक माहिती शोधते' एवढेच लिहिले आणि दुसऱ्याचे 'पिकांविषयी माहिती देते' असे लिहिले. आता एका शेतकऱ्याने विचारले, "ज्वारीवर खोडमाशी पडू नये म्हणून पेरताना काय टाकावे?" दोन्ही वर्णने या प्रश्नास सारखीच लागू पडतात. एजंटाने पहिले साधन उचलले तर त्यास दोष देता येणार नाही. त्या साधनाने ज्वारी, खोडमाशी व पेरणी हे तिन्ही शब्द असलेले जुने पत्रक अचूक शोधून दिले. त्यात पेरणीच्या वेळी फोरेट हे दाणेदार कीटकनाशक सरीत टाकण्याची शिफारस होती. एजंटाने तीच शुद्ध मराठीत शेतकऱ्यास सांगितली.

फोरेटवर केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशान्वये ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. अत्यंत विषारी म्हणून ते ओळखले जाते. पत्रक छापले गेले तेव्हा त्यातील शिफारस त्या काळच्या ज्ञानास धरूनच होती, आणि शोध घेणाऱ्या यंत्रणेनेही आपले काम चोख बजावले. चूक झाली ती दोन बस्त्यांमधील फरक चिठ्ठीवर न लिहिल्यामुळे. हीच गोष्ट बीएचसी भुकटीची. एकेकाळी जवळजवळ प्रत्येक पत्रकात तिचे नाव असे. १९९७ मध्ये तिच्यावर बंदी आली. एन्डोसल्फानचे उत्पादन, विक्री व वापर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०११ च्या आदेशाने थांबला. जुन्या संग्रहात ही नावे पानोपानी भेटतात, आणि संग्रह जितका जुना व समृद्ध तितका हा धोका अधिक.

चांगल्या वर्णनाचा नमुना

त्याच साधनाचे वर्णन पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

"जुनी पत्रके शोध. १९५८ ते २००५ या काळात छापलेल्या मराठी पत्रकांत व पुस्तिकांत शोध घेते. जुन्या वाणांची माहिती, पूर्वीच्या लागवडपद्धती, किंवा एखादी शिफारस पूर्वी काय होती, अशा प्रश्नांसाठी वापरावे. आज कोणते औषध वापरावे व त्याची मात्रा किती, या प्रश्नांसाठी वापरू नये. त्यासाठी 'चालू शिफारशी शोध' हे साधन वापरावे. या पत्रकांत बीएचसी, एन्डोसल्फान, फोरेट अशा आज बंदी असलेल्या औषधांचे उल्लेख आहेत. शोधशब्द मराठीत द्यावेत. प्रत्येक उताऱ्यासोबत पत्रकाचे नाव, प्रकाशनाचे वर्ष व पृष्ठक्रमांक येतो. काही न आढळल्यास रिकामी यादी येते."

हे वर्णन पहिल्यापेक्षा बरेच लांब आहे, पण त्यातील एकही वाक्य शोभेचे नाही. संग्रहात काय आहे व कोणत्या काळचे आहे हे प्रथम सांगितले आहे. साधन केव्हा वापरावे हे सांगून केव्हा वापरू नये हेही सांगितले आहे, आणि तसे सांगताना एजंटास दुसरी वाट दाखविली आहे. 'वापरू नये' एवढेच लिहून थांबल्यास एजंट पुष्कळदा गोंधळतो. कारण शेतकऱ्याचा प्रश्न तर समोर उभाच असतो. दुसऱ्या साधनाच्या वर्णनातही हीच सीमा त्याच्या बाजूने लिहावी. दोन शेतांमधला बांध दोन्हीकडच्यांस एकाच जागी दिसला पाहिजे, त्यातलाच हा प्रकार.

शोधशब्द मराठीत द्यावेत हे वाक्य अनेकांस अनावश्यक वाटेल. तसे ते नाही. कित्येक मॉडेले प्रश्न मराठीत आला तरी मागणीचिठ्ठी इंग्रजीत भरतात. केवळ शब्द जुळवून पाहणाऱ्या शोधात अशी इंग्रजी चिठ्ठी मराठी पत्रकांपुढे निरुपयोगी ठरते आणि माहिती असूनही 'काही आढळले नाही' असे उत्तर शेतकऱ्यास मिळते. साधनाचे नाव मात्र पुष्कळ व्यवस्थांत रोमन अक्षरांतच द्यावे लागते. ते लहान व अर्थपूर्ण असावे. त्यावर अधिक काथ्याकूट करण्याचे कारण नाही.

रिकाम्या यादीविषयीचे वाक्यही महत्त्वाचे आहे. काही न आढळणे आणि शोधच बंद पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संपर्क तुटल्यामुळे यादी आली नसेल, तर 'या रोगावर उपाय नाही' असे उत्तर जाता कामा नये. दोन्ही प्रसंगी साधनाकडून काय परत येते हे वर्णनात स्पष्ट असावे.

बियाण्यांच्या दुकानावर 'सर्व प्रकारची माहिती मिळेल' अशी पाटी असते. साधनाच्या वर्णनात तसा उत्साह दाखवू नये. 'सर्व पिकांची संपूर्ण व अद्ययावत माहिती' असे लिहिले की एजंट द्राक्षापासून वरईपर्यंत प्रत्येक प्रश्न त्याच साधनाकडे नेतो. संग्रहात केवळ सहा पिकांची माहिती असेल तर त्या सहा पिकांची नावे लिहावीत.

किडी, रोग व वाण यांची नावे

विस्तार कार्यकर्त्याच्या ज्ञानाचा खरा उपयोग येथे होतो. एकाच किडीची दोन नावे आणि एकाच नावाच्या दोन किडी, हा आपल्या भाषेतील नित्याचा अनुभव आहे. कपाशीवरील जिला आज गुलाबी बोंडअळी म्हणतात, तिलाच पुष्कळ पत्रकांत शेंदरी बोंडअळी म्हटले आहे. शब्द जुळवून पाहणाऱ्या साधनास हे कळत नाही. वर्णनात 'दोन्ही नावांनी शोध घ्यावा' एवढे वाक्य घातले की काम भागते.

याउलट लष्करी अळीचे उदाहरण अधिक घातक आहे. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी, शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली व नंतर महाराष्ट्रात पसरली. त्यापूर्वीच्या मराठी पत्रकांत भात व ज्वारी या पिकांवरील जिला लष्करी अळी म्हटले आहे ती निराळी कीड होय. मका उत्पादकाने नुसते 'लष्करी अळी' असे विचारल्यावर एजंटाने जुने पत्रक काढून दिले, तर नाव जुळते. पण कीड जुळत नाही, पीक जुळत नाही आणि उपायही जुळत नाही. म्हणून जुन्या पत्रकांच्या वर्णनात असे लिहावे की, 'या संग्रहातील लष्करी अळी म्हणजे मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी नव्हे.' केवडा हे नाव द्राक्षावरील रोगासही आहे आणि बाजरीवरील रोगासही. करपा तर कितीतरी पिकांवर येतो. अशा नावांच्या बाबतीत पिकाचा रकाना भरल्याशिवाय शोध घेऊ नये, आणि शेतकऱ्याने पीक सांगितले नसेल तर आधी त्यास विचारावे, अशी सूचना देणे इष्ट. अनुभवी कार्यकर्ताही आधी पीकच विचारतो.

वाणांच्या बाबतीत अडचण आणखी निराळी आहे. काही साधने शब्द जुळवितात, तर काही अर्थाची जवळीक पाहतात. दुसऱ्या प्रकारचा शोध 'पाने पिवळी पडणे' अशा वर्णनपर प्रश्नास फार उपयोगी पडतो. कारण पत्रकात तोच शब्द नसला तरी त्या अर्थाचा मजकूर तो शोधून देतो. परंतु ऊस को ८६०३२ या वाणाविषयी विचारले असता तो दुसऱ्याच क्रमांकाच्या वाणाचा उतारा आणून देऊ शकतो. क्रमांकांमध्ये अर्थाची जवळीक ती कसली असणार? यास्तव साधन कोणत्या प्रकारे शोध घेते हे वर्णनात सांगावे आणि वाणांचे क्रमांक व शासन निर्णयांचे सांकेतांक यांसाठी शब्द जुळविणारे साधन वापरण्यास सांगावे. कोएम ०२६५ व फुले २६५ हा एकच ऊस आहे, ही गोष्टही तेथेच नोंदवावी. जुन्या पुस्तिकांत अंक देवनागरी व नव्या कागदांत रोमन असल्यास त्याचाही उल्लेख करावा.

रकान्यांविषयी

प्रत्येक रकान्यास स्वतंत्र वर्णन देता येते. ते देण्याचा कंटाळा केला जातो, ही खेदाची गोष्ट आहे. 'पीक' या रकान्यात कोणती नावे चालतात ती यादी द्यावी. अन्यथा एजंट एकदा 'भुईमूग' लिहील, एकदा 'शेंगदाणा' लिहील. 'वर्ष' म्हणजे प्रकाशनाचे वर्ष की हंगामाचे, हे सांगावे. क्षेत्राचा रकाना असल्यास तो हेक्टरमध्ये आहे की एकरात, हे तर कधीही विसरू नये. एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. हेक्टरी मात्रा एकरी समजून दिली गेली तर औषध अडीचपट पडते. पीक जळते आणि फवारणाऱ्याच्या जिवावर बेतते.

वर्णनाची मर्यादा

वर्णन कितीही उत्तम असले तरी ती पाटी आहे, कुंपण नव्हे. पाटीवर 'येथे गुरे सोडू नयेत' असे लिहून शेत राखले जात नाही. मॉडेल सूचना बहुधा पाळते, पण नेहमीच पाळील अशी खात्री देता येत नाही. जेथे चुकीने मनुष्याच्या जिवास अपाय होण्याचा संभव आहे तेथे बंदोबस्त संगणक-कार्यक्रमातच करावयास हवा. बंदी असलेल्या औषधाचे नाव ज्या उताऱ्यात येते त्याच्या माथ्यावर 'या औषधावर बंदी आहे' ही ओळ आपोआप छापली जावी, किंवा औषधांविषयीच्या प्रश्नांसाठी जुना संग्रह मुळीच उघडू नये, अशी व्यवस्था तज्ज्ञाकडून करून घ्यावी. वर्णन चांगले लिहिले म्हणून हा खर्च वाचविणे हिताचे नाही.

वर्णनाच्या लांबीसही मर्यादा आहे. साधनांची यादी बहुधा प्रत्येक प्रश्नासोबत मॉडेलकडे जाते आणि त्या मजकुरास जागा व पैसा लागतो. साधनांची संख्या फार वाढली म्हणजे निवडही बिघडते. पाच गावांसाठी पाच साधने करण्यापेक्षा एकच साधन करून त्यात 'गाव' हा रकाना ठेवणे अधिक सोयीचे.

पारख कशी करावी

वर्णन लिहून झाले की शेतकरी प्रत्यक्षात विचारतात तसे वीस-पंचवीस प्रश्न एका वहीत उतरवून घ्यावेत. ते कार्यालयीन भाषेत सुधारून लिहू नयेत. 'कपाशीला मावा लागलाय, काय मारू?' हा प्रश्न जसाच्या तसा हवा. प्रत्येक प्रश्नापुढे कोणते साधन निवडले जावे व कोणते रकाने भरले जावेत हे आधी लिहून ठेवावे आणि मग एजंटाने काय केले ते तपासावे. शेवटचे उत्तर वाचून समाधान मानू नये. उत्तर योगायोगानेही बरोबर येते. ज्यांचे उत्तर संग्रहात मुळीच नाही असे चार-दोन प्रश्नही मुद्दाम विचारावेत. एजंट 'माहिती आढळली नाही, कृषी कार्यालयात विचारावे' असे म्हणतो की काहीतरी ठोकून देतो, हे त्यावरून कळते. निवड चुकल्यास वर्णनातील एकच वाक्य बदलावे व सर्व प्रश्न पुन्हा विचारावेत. एका वेळी चार वाक्ये बदलली तर कोणत्या वाक्याने गुण आला ते समजत नाही. खताच्या चाचणीत दोन वाफ्यांत एकाच गोष्टीचा फरक ठेवतात, तीच रीत येथे पाळावी.

संग्रह बदलला की वर्णनही बदलावे लागते, आणि नेमके हेच राहून जाते. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्यास एक रुपयात पीक विमा मिळत होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली व शेतकऱ्याने विमा हप्त्याचा आपला हिस्सा भरावयाचा असे ठरले. ज्या साधनाच्या वर्णनात 'पीक विम्याचे चालू शासन निर्णय' असे लिहिलेले आहे, परंतु ज्याच्या संग्रहात २०२३ चाच निर्णय पडून आहे, त्याच्या भरवशावर शेतकरी रुपया घेऊन जाईल आणि मुदत टळल्यावर परत येईल. 'चालू' हा शब्द लिहिण्यापेक्षा 'अमुक तारखेपर्यंतचे निर्णय' असे लिहावे. ती तारीख खरीप व रब्बी हंगामांच्या पूर्वी, वर्षातून निदान दोनदा तपासावी, आणि कोणी, केव्हा व कोणते वाक्य बदलले याची नोंद प्रश्नांच्या त्याच वहीत ठेवावी.